पितळेच्या भट्टीतून सर्किट बोर्डाकडे: मुरादाबादच्या ई-कचऱ्याची पार्श्वभूमी

उत्तर प्रदेशात रामगंगेच्या काठी वसलेले मुरादाबाद ‘पीतल नगरी’ म्हणून ओळखले जाते. तिथल्या नक्षीदार फुलदाण्या आणि तबके महाराष्ट्रातील घरांतही पोहोचलेली आहेत. जुने पितळ, तांबे, जस्त जमवून भट्टीत वितळवायचे, साच्यात ओतायचे आणि घासूनपुसून चकचकीत करायचे, हे काम तिथल्या गल्ल्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. टाकून दिलेल्या संगणकांचे, टीव्हींचे आणि मोबाईलचे सर्किट बोर्ड पुढे त्याच शहरात जाळले जाऊ लागले. या कामाकडे निव्वळ अज्ञानातून झालेला अपराध म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. भंगारातला धातू नजरेने ओळखण्याचे, तो वेगळा काढण्याचे आणि त्याला गिऱ्हाईक मिळवण्याचे कसब या वस्त्यांत आधीपासूनच होते.

माल तिथे पोहोचण्याचा इतिहास मात्र मुरादाबादच्या बराच बाहेर सुरू होतो. श्रीमंत देशांत विषारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम कडक झाले, खर्च वाढला आणि तो कचरा गरीब देशांच्या बंदरांकडे वळू लागला. 1988 मध्ये इटलीतून आलेली विषारी रसायनांची हजारो पिंपे नायजेरियातील कोको या गावात सापडली. अशा प्रकरणांवरून उठलेल्या संतापातून 1989 मध्ये बाझल करार, म्हणजे धोकादायक कचऱ्याच्या एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या वाहतुकीला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो 1992 मध्ये अमलात आला. भारताने तो मान्य केला; अमेरिकेने सही केली, पण आजवर त्याला मंजुरी दिलेली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये धोकादायक कचऱ्याच्या आयातीवर निर्बंध घातले. तरीही ‘मिश्र धातूंचे भंगार’ किंवा ‘वापरलेली यंत्रे’ अशा नावांखाली जुने संगणक येतच राहिले. 2002 मध्ये चीनमधील ग्वियू या गावातील बोर्ड भाजण्याच्या कामाची माहिती जगापुढे आली, तेव्हा दिल्लीच्या वस्त्यांतही तेच काम सुरू असल्याचे उघड झाले. त्याच सुमारास देशात संगणक आणि मोबाईल स्वस्त होत गेले, आणि परदेशी मालाच्या जोडीला आपल्याच घरांतला व कचेऱ्यांतला कचरा या साखळीत भरू लागला. 2019 मध्ये भारतात सुमारे 32 लाख टन ई-कचरा निर्माण झाल्याचा अंदाज होता.

या साखळीत दिल्लीचे सीलमपूर हे सुटे करण्याचे ठिकाण. तिथे यंत्रे फोडली जातात. मोटारी, तारा, प्लास्टिक, काच आणि बोर्ड यांचे वेगवेगळे ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगाचा किलोचा भाव ठरलेला असतो. बोर्डांचा मोठा हिस्सा मुरादाबादला जात असे. 2008 च्या जागतिक मंदीत पितळी वस्तूंची परदेशी मागणी घसरली, आणि ज्यांच्या हातचे काम गेले त्यांच्यापैकी अनेकांना या मालाने आधार दिला. बोर्ड आधी तापवून सैल करायचे, विकता येण्याजोग्या चिप काढून घ्यायच्या आणि उरलेला बोर्ड जाळायचा. राख कुटून, चाळून, पाण्यात धुऊन तांबे वेगळे करायचे. सोन्याचा मुलामा असलेले भाग तेजाबात बुडवायचे. राख धुण्याचे आणि निवडण्याचे काम बहुतेक वेळा बायका-मुलांच्या वाट्याला येते आणि पुष्कळदा ते घराच्या अंगणातच चालते. बोर्डावरील डाखात शिसे असते, प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगे मिसळलेली असतात, आणि उघड्यावर जाळल्यावर त्यातून डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात. शिशाचा सर्वाधिक घात लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो. काळ्या राखेचे ढीग रामगंगेच्या काठावर साचत गेले आणि अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्यात लक्ष घालावे लागले.

कायद्याची वाट याच काळात आखली गेली. ई-कचऱ्यासाठीचे पहिले स्वतंत्र नियम 2011 मध्ये अधिसूचित झाले आणि 1 मे 2012 पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या कंपनीनेच ती टाकाऊ झाल्यावर परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यात आले. 2016 च्या नियमांनी गोळा करण्याची उद्दिष्टे ठरवली आणि कामगारांची नोंदणी, त्यांचे गट व प्रशिक्षण यांची जबाबदारी राज्यांवर टाकली. हे कलम योग्यच होते, पण त्याच्यामागे ना पैसा उभा राहिला, ना मुदत. परवानाधारक कारखान्यांना पुरेसा माल मिळेना, कारण दारात येऊन रोख पैसे मोजणारा भंगारवाला कोणत्याही संकलन केंद्रापेक्षा लोकांना जवळचा होता. पोलिसी छाप्यांनी भट्ट्या बंद पडत, आणि काही काळाने त्या आणखी आडबाजूच्या गावात पेटत. उपजीविकेची दुसरी सोय न करता केलेल्या बंदीचे याहून वेगळे काय होणार होते?

कचरा वेचणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देता येते, हे महाराष्ट्राने त्याआधीच पाहिले होते. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. बोर्ड जाळणाऱ्यांच्या बाबतीत हा मार्ग जसाच्या तसा चालणार नाही, कारण तेजाब आणि धूर सुरक्षितपणे हाताळायला मोठी यंत्रणा लागते. परंतु गोळा करणे, फोडणे आणि वेगळे करणे ही कामे त्यांच्याच हाती ठेवून शेवटची प्रक्रिया कारखान्याकडे देता आली असती.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वस्तूंची यादी 21 वरून 106 वर गेली आणि प्रमाणपत्रांची पद्धत आली: नोंदणीकृत कारखान्याने सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम परत मिळवायचे, त्याबदल्यात त्याला प्रमाणपत्रे मिळायची आणि उत्पादक कंपन्यांनी ती विकत घ्यायची. पुढे कंपन्यांनी कारखान्यांना द्यायचा दर सरकारने काही वस्तूंसाठी किलोमागे किमान 22 रुपये ठरवला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. कामगारांच्या नोंदणीचे कलम नव्या नियमांतही राज्यांकडेच आहे. 22 रुपयांचा वाद मात्र कंपन्या, कारखाने आणि सरकार यांच्यात चालला आहे. सीलमपूरमध्ये यंत्र फोडणाऱ्याला त्यातून किती मिळावे, हा प्रश्न त्या वादात कुणी मांडलेला नाही.