स्टार घ्याल हो, पण गुडघ्यांचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला आणि फायनलमध्ये ८७ रन्स आणि वर २ विकेट काढून मॅन ऑफ द मॅच, म्हणजे प्लेयर ऑफ द मॅच कोण ठरली तर शेफाली वर्मा, जी मूळच्या १५ जणींत नव्हतीच. प्रतिका रावल बांगलादेशच्या मॅचला फिल्डिंग करताना जखमी झाली म्हणून शेफालीला ऐनवेळी बोलावलं. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे एकच सूर, नशीब बघा पोरीचं, देवाच्या मनात होतं. असेल बुवा. पण टीम बांधताना 'कोणाला तरी लागणारच आहे, मग पुढे काय' हा हिशोब कोणीतरी आधी करायचा असतो आणि त्यात देवापेक्षा हाडांचा आणि लिगामेंटचा संबंध जास्त असतो. क्रिकेटमध्ये हा हिशोब तसा सौम्य आहे. तो खरा उग्र रूपात बघायचा तर ऑस्ट्रेलियातली बायकांची रग्बी लीग बघावी, एनआरएलडब्ल्यू.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांची आणि पुरुषांची. रग्बी लीग हा खेळच वेगळा आहे, यात मैदानावर तेरा जणी, बेंचवरून चार बदली, आणि बॉल हातात असलेल्या टीमला सहा टॅकल (बॉलवालीला धरून पाडलं की एक टॅकल) मिळतात, सहाव्या टॅकलपर्यंत काही झालं नाही तर बॉल समोरच्यांना. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे पळायचं आणि परत पुढे येऊन धडकायचं, असं ७० मिनिटं. कबड्डी खेळलेल्यांना यातली अर्धी गोष्ट न सांगता कळेल.

एनआरएलडब्ल्यू २०१८ ला चार टीमवर सुरू झाली. ब्रिस्बेन ब्रॉन्कोसनी पहिली तीन वर्षं ओळीने जिंकली. मग न्यूकॅसल नाईट्स आले आणि त्यांची गोष्ट म्हणजे टीम बांधणाऱ्यांचं आवडतं उदाहरण. कोविडमुळे २०२१ चा सीझन पुढे ढकलून २०२२ च्या सुरुवातीला झाला, त्यात नाईट्स पाचच्या पाच मॅच हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुढच्या सीझनची फायनल त्यांनी पॅरामॅटा ईल्सला ३२-१२ हरवून जिंकली! मधल्या काही महिन्यांत त्यांनी ब्रॉन्कोसकडून टमिका अप्टन आणि मिली बॉयल अशा दोन तगड्या खेळाडू आणल्या आणि हाफबॅकला, म्हणजे जी सगळा खेळ चालवते त्या जागेला, सतरा वर्षांची जेसी साऊथवेल खेळवली. २०२३ ला परत तेच चॅम्पियन.

यावरून लोक काय शिकले? स्टार घ्या, जिंका. मला हे अर्धवट वाटतं. २०२२ चा सीझन सहा टीमचा, साखळी फेरीत फक्त पाच मॅच. पाच आठवडे बहुतेक जणी धडधाकट राहिल्या तर स्टार चालून जातात. २०२३ ला दहा टीम झाल्या, २०२५ ला बारा, साखळी अकरा आठवड्यांची. आणि आयपीएल-डब्ल्यूपीएलसारखा लिलाव इथे नाही, क्लब थेट बोलणी करतात, वरून सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा. २०२३ ला पूर्ण टीमचा कॅप साधारण ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता, २०२७ पर्यंत तो १५ लाखांच्या आसपास न्यायचं ठरलंय, कमीत कमी पगार २०२३ ला ३० हजार डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या टीमचा कॅप १ कोटी २० लाखांच्या घरात होता, म्हणजे बघा. एवढ्या पैशात २४ जणी बसवायच्या. दोन स्टारना भरभरून दिलं की उरलेल्या बावीस जणींना किमान पगाराच्या आसपासच ठेवावं लागतं, आणि अशा जणी बाहेर नोकरी करून संध्याकाळी ट्रेनिंगला येतात.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, गुडघा.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधणारा एक पट्टा असतो, अँटेरियर क्रूशिएट लिगामेंट, सगळे एसीएल म्हणतात. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. तरुण माणसात तो तुटायला सुमारे २००० न्यूटन जोर लागतो असं प्रयोगशाळेतल्या मोजमापात दिसलंय, म्हणजे दोनशे किलो टांगल्यासारखं. ऐकायला भरपूर वाटतं. तरी तो तुटतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा कोणी धडकल्यामुळे नाही तर खेळाडू एकटीच पळता पळता दिशा बदलते किंवा उडी मारून खाली येते तेव्हा. एकाच खेळातल्या पुरुष आणि बायकांची तुलना केली तर बायकांमध्ये हे प्रमाण दोन ते चार पट, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त.

साइडस्टेप घ्या. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारी, बॉल घेऊन सुसाट पळतेय, समोर डिफेंडर, तिला चकवायला ही उजवा पाय बाहेरच्या बाजूला रोवते आणि अंग डावीकडे टाकते. त्या पायाखालून जमीन जो उलटा धक्का देते तो वजनाच्या दुप्पट सहज असतो. ७५ किलोची खेळाडू असेल तर १५०० न्यूटन. हा धक्का बरोब्बर गुडघ्याच्या मधून वर गेला तर काही बिघडत नाही. पण पाय लांब रोवलाय, धड भलतीकडे कललंय, त्यामुळे धक्क्याची रेषा गुडघ्याच्या बाहेरून जाते. दोन सेंटिमीटर बाहेरून गेली तर पीळ ३० न्यूटन-मीटर, सहा सेंटिमीटर बाहेरून गेली तर ९०. पायाचा तळवा जरा इकडे तिकडे पडला की गुडघ्यावरचा ताण तिप्पट! या पिळामुळे गुडघा आतल्या बाजूला कोसळतो, त्याला व्हॅल्गस म्हणतात, आणि सोबत नडगीचं हाड वळतं.

त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूचा, क्वाड्रिसेप्सचा, वेगळाच ताप. गुडघा जवळपास सरळ असताना क्वाड्रिसेप्स आवळला की वाटीखालचा टेंडन नडगीला पुढे ओढतो, आणि नडगी पुढे सरकू नये हेच तर एसीएलचं काम. मागचा हॅमस्ट्रिंग तिला मागे खेचू शकतो पण गुडघा सरळ असला की हॅमस्ट्रिंगची ओढ हाडाला जवळजवळ समांतर पडते, मागे खेचणारा घटक फारच थोडा उरतो. गुडघा तीस-चाळीस अंश वाकला की कोन सुधारतो आणि मग तो खरा कामाला येतो. कोच लोक "गुडघे वाकवून उतरा" म्हणून ओरडतात त्याच्या मागे हे वेक्टरचं गणित आहे. (वेक्टर म्हटल्यावर अकरावीची आठवण येऊन पळू नका, एवढंच होतं.)

आणि खरी मजा वेळेत आहे. नॉर्वेच्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉलमधल्या खेळाडू मुलींच्या दुखापतींचे व्हिडिओ घेऊन, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून हाडांची हालचाल परत बांधून काढली, २०१० मध्ये छापलं. पाय जमिनीला लागल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंट गेलेलं असावं असा त्यांचा निष्कर्ष. सेकंदाला ५० फ्रेमच्या फुटेजमध्ये ४० मिलिसेकंद म्हणजे दोन फ्रेम. पहिल्या फ्रेममध्ये पाय टेकतोय, तिसरीत खेळ खल्लास, आणि ती कळवळून खाली पडते ते त्याच्याही नंतर. आता स्नायूला ताण जाणवून, मणक्यापर्यंत सिग्नल जाऊन, उलटा येऊन स्नायूत खरोखर जोर भरायला याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. म्हणजे रिफ्लेक्स कितीही तेज असू दे, तो पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. गुडघा वाचवायचा तर हॅमस्ट्रिंग पाय टेकायच्या आधीच आवळलेला पाहिजे. मेंदूने पाय हवेत असतानाच अंदाज बांधून आधीच ऑर्डर सोडलेली पाहिजे.

म्हणूनच अचानक बदललेली दिशा सगळ्यात वाईट. पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये हे मोजलं होतं, पळणाऱ्याला कुठे वळायचंय ते आधी माहीत असेल तर एक ताण, आणि ऐनवेळी दिवा लावून सांगितलं तर गुडघ्यावरचा पीळ दुपटीपर्यंत गेला. रग्बी लीगमध्ये तर दिव्याच्या जागी साठ-सत्तर किलोची डिफेंडर असते आणि ती आधी सांगून येत नाही.

चांगली बातमी ही की हे आधीच आवळणं शिकवता येतं. उड्या, एका पायावर उतरणं, तोल, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, असं पंधरा-वीस मिनिटांचं वॉर्मअप आठवड्यातून दोनतीनदा नियमित केलं तर मुली आणि बायकांमध्ये एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात हे बऱ्याच अभ्यासांचं एकत्र गणित सांगतं. नियमित हा शब्द महत्त्वाचा, पोस्टर लावून काही होत नाही.

यात दोन भोंदूगिऱ्या शिरल्यात. एक जुनी, 'बायकांचे गुडघेच नाजूक' आणि 'पाळीच्या दिवसांत खेळूच नये', आपल्याकडे अजून कित्येक घरांत मुलगी मैदानावरून थेट कोपऱ्यात. दुसरी नवी आणि चकचकीत, पाळीचं ॲप घ्या आणि कुठल्या दिवशी लिगामेंट तुटेल ते ओळखा. हॉर्मोनचा लिगामेंटवर काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाहीये, पण आत्तापर्यंतचे अभ्यास छोटे आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत, त्यावरून कोणाला बेंचवर बसवणं म्हणजे पंचांग बघून टीम निवडणं झालं. मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षापासून जिममध्ये वजनं उचलायला शिकवतात आणि मुली वीस वर्षांच्या झाल्यावर पहिल्यांदा बारबेल धरतात, हा फरक मात्र कोणी ॲपमध्ये घालत नाही.

स्काऊट लोकांनाही एक मोह असतो, घेण्याआधी टेस्ट करून 'कच्चे गुडघे' बाजूला काढायचे. २००५ मध्ये अमेरिकेत २०५ मुलींना उडी मारायला लावून मोजलं, पुढे ९ जणींचं एसीएल गेलं, आणि त्या नऊ जणींचे गुडघे उतरताना खरंच जास्त आत कोसळत होते. झालं, सगळे टेस्टच्या मागे. पण नॉर्वेत ७०० हून जास्त टॉपच्या फुटबॉल-हँडबॉल खेळाडूंवर तशीच उडीची टेस्ट केली, २०१६ ला निकाल आला की कोणाचा गुडघा जाणार हे यावरून सांगता येत नाही. सरासरीत फरक दिसणं वेगळं आणि समोर उभ्या एका मुलीबद्दल भविष्य सांगणं वेगळं. तेव्हा गाळायला टेस्ट वापरू नका, सगळ्यांनाच ट्रेनिंग द्या, स्वस्तात पडतं.

तरीही लागतंच. एसीएलचं ऑपरेशन झालं की निदान नऊ महिने, आणि नॉर्वेतल्याच एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं तितक्या वेळा परत दुखापत व्हायचा धोका जवळपास निम्मा होत गेला. जुलैत गुडघा गेला तर सीझन गेला, पुढच्या वर्षीची तयारीही लंगडी. डोक्याला मार लागून कन्कशन ठरलं तर सहसा किमान ११ दिवस बाहेर, म्हणजे एक मॅच तरी गेलीच.

आता गणित. कुठल्याही आठवड्यात एखादी खेळाडू अनफिट असण्याची शक्यता समजा १० टक्के धरू, हा आकडा मी सोयीसाठी घेतलाय. २४ पैकी दोनतीन जणी बाहेर, १७ लागतात, म्हणजे निवांत? नाही. कारण प्रॉपच्या, म्हणजे मधोमध धडका देणाऱ्या दांडगीच्या, जागी विंगर चालत नाही. फुलबॅक, फाइव्ह-एट्थ, हाफबॅक आणि हूकर या चार जागा म्हणजे टीमचा कणा, त्यांना स्पाइनच म्हणतात. प्रत्येक जागेला एक खेळाडू आणि एक बदली ठेवली तर एका जागेच्या दोघीही बाहेर असण्याची शक्यता १ टक्का. चार जागा, अकरा आठवडे, म्हणजे ४४ वेळा हा एक टक्का अंगावर घ्यायचा. ०.९९ चा ४४ वा घात काढा, ०.६४ येतो. म्हणजे सीझनमध्ये कधी ना कधी कण्यातली एखादी जागा पूर्ण रिकामी पडायची शक्यता ३६ टक्के! खऱ्या दुखापती अशा सुट्या-सुट्या नसतात, एकदा गेली की कित्येक आठवडे जाते, त्यामुळे खरं उत्तर इकडे तिकडे होईल, पण तीनातल्या एका सीझनला रडायची वेळ हा अंदाज मला तरी फार निराशावादी वाटत नाही.

आता तीच बदली दोन जागा खेळू शकणारी असली, म्हणजे हूकर आणि हाफबॅक दोन्ही किंवा सेंटर आणि फुलबॅक दोन्ही, तर नवीन पगार न देता प्रत्येक जागेला तिसरी माणूस मिळते आणि तो एक टक्का एक दशांश टक्क्याच्या दिशेने घसरतो. दोन जागी एकदम खड्डा पडला तर ती एकाच ठिकाणी उभी राहणार हे खरं, तरी फायदा प्रचंड आहे. हायलाइट रीलमध्ये अशी खेळाडू दिसत नाही, तिच्या नावाची जर्सी कोणी विकत घेत नाही, आणि बोलणी करताना तिचा एजंटही फार उड्या मारत नाही. डब्ल्यूपीएलच्या पहिल्या लिलावात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्या होत्या, पण त्या लिलावात सगळ्यात शेवटी बेस प्राइसला कोण गेलं ते कोणाला आठवतंय?

माझ्या हातात कॅप असता तर एका स्टारवर थांबलो असतो, दुसऱ्या स्टारच्या पैशात दोन अशा दोन-जागी खेळाडू घेतल्या असत्या, आणि क्लबच्या मालकाला गळ घालून एक पूर्णवेळ स्ट्रेंथ कोच मागितला असता, कारण त्याचा पगार खेळाडूंच्या कॅपमध्ये धरत नाहीत. चोविसावी जागा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीला, जिला अजून वर्षभर मॅच मिळणार नाही पण एका पायावर नीट उतरायला आत्तापासून शिकवता येईल.