शिसव की शिसम? डॉक्टरांच्या भेटीसाठी लाकूड निवडताना

आमचे डॉक्टर या महिन्याअखेरीला दवाखाना बंद करणार आहेत. माझ्या आईला, मला आणि माझ्या मुलीला, तिघांनाही त्यांनीच तपासलं. निवृत्तीची भेट म्हणून त्यांना लाकडी स्टेथोस्कोप स्वतः करून द्यायचं मी ठरवलं. पहिला स्टेथोस्कोप लाकडाचाच होता. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक यांनी आधी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ठोके ऐकले आणि नंतर लाकडाची नळी कातून घेतली. साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब आणि मधून आरपार भोक, एवढीच ती वस्तू.

लाकूड शिसवाचं हवं होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 'शिसव' म्हणून तुकडा आणला, लेथवर चढवला आणि छिलके सोनेरी-तपकिरी निघाले. तो शिसम होता. दुकानदाराने फसवलं असं मला वाटत नाही. हिंदीतला 'शीशम' हा शब्द बाजारात दोन्हींना चालतो. शिसव वेगळा सांगायचा झाला तर 'काला शीशम' म्हणतात.

दोन्ही झाडं डाल्बर्जिया या एकाच वंशातली आहेत, पण जाती निराळ्या. शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, आपल्या सह्याद्रीतला. शिसम म्हणजे डाल्बर्जिया सिसू, मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा आणि नदीकाठचा. झाड समोर असेल तर पान बघा. शिसवाच्या पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) टोकाला बोथट असतात, शिसमाच्या टोकदार.

बाजारात मात्र पान दिसत नाही, पॉलिश दिसतं. गडद रंग चढवलेला शिसम लांबून शिसवासारखाच वाटतो. म्हणून तुकड्याची न दिसणारी बाजू पॉलिशपेपरने घासा आणि पाण्याचं बोट फिरवा. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी दिसतो आणि त्यात काळ्या रेषा असतात. शिसमाचा सोनेरीकडून लालसर तपकिरीकडे जातो. रेषा त्यातही असतात, त्यामुळे नुसत्या रेषांवर जाऊ नका. ताज्या कापाचा वासही घ्या. शिसवाला मंद, गोडसर सुगंध असतो. सारख्या मापाचे दोन तुकडे हातात धरले तर शिसव बहुधा जड लागतो.

एक परीक्षा सगळे सांगतात आणि ती चुकवते. स्पिरिट लावलेल्या फडक्याला रंग लागला की लाकूड रंगवलेलं आहे, असं म्हणतात. पण अस्सल शिसवाचा स्वतःचा जांभळा रंग स्पिरिटमध्ये उतरतो! फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, लावतानाही हा रंग शेजारच्या फिकट लाकडावर पसरतो. दोन लाकडं जोडायची असतील तर शिसवाच्या तुकड्याला आधी वेगळं पॉलिश करून घ्यावं.

कातायला मला शिसम सोपा गेला. शिसवाचे तंतू उलटसुलट असतात. पटाशी जरा बोथट झाली की लाकूड उचकटतं, आणि धार तर लवकर जाते. दोन्हींची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देऊ शकते, मास्क लावल्याशिवाय लेथ सुरू करू नये.

आणि नवा शिसव घ्यावाच का? २०१७पासून डाल्बर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. शिसम लागवडीत भरपूर मिळतो. शिसव सावकाश वाढतो आणि जंगलातला कमी झाला आहे. माझं मत स्पष्ट आहे: शिसव हवा असेल तर जुना शोधा. रविवारी जुन्या बाजारात मोडक्या पलंगाचा एक शिसवी पाय मिळाला. वरचं जुनं पॉलिश खरवडलं तेव्हा आतून तो जांभळट रंग निघाला. इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड आता फारसं वाकणार नाही, हा आणखी एक फायदा.

चुकून आलेला शिसमही मी टाकला नाही. नळी त्याची केली आणि कानाला लागणारी चकती शिसवाची. आमचे डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय आजाराचं नाव घेत नसत. त्यांना 'शिसवी स्टेथोस्कोप' म्हणून शिसम द्यायला माझं मन घेईना. चकतीच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलं आहे: नळी शिसम, चकती शिसव.