दूध बिस्किटातून येत नाही, तरीही बिस्किटं भाजावीत

2023 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. अमेरिकेतल्या 176 आया, सगळ्यांची बाळं दोन महिन्यांची, सगळी फक्त अंगावरच्या दुधावर वाढणारी. कुणाला कोणत्या गटात घालायचं हे निव्वळ योगायोगावर सोपवून त्यांचे दोन गट केले. एका गटाला महिनाभर रोज 'लॅक्टेशन कुकीज' दिल्या, म्हणजे ओट्स, जवस, ब्रूअर्स यीस्ट (बीअर आंबवणारं यीस्ट) आणि मेथी घातलेली, दूध वाढवणारी म्हणून विकली जातात तशी बिस्किटं. दुसऱ्या गटाला साधी बिस्किटं. महिन्यानंतर मोजलं तेव्हा दोन्ही गटांच्या दुधात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. आपलं दूध बाळाला पुरतंय का, याबद्दल आयांना स्वतःला काय वाटतं तेही विचारलं होतं. त्यातही फरक नव्हता.

ही बिस्किटं आता आपल्याकडेही मिळतात आणि चांगलीच महाग मिळतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बाळंत झालेल्या मुलीला आई डिंकाचे लाडू पाठवू शकली नाही, तर मुलगीच पाककृती शोधून ओट्सची बिस्किटं घरी भाजते. पुण्या-मुंबईत लाडू आणि कुकीज दोन्ही एकाच घरात असतात. त्याला माझी काहीच हरकत नाही. उलट बाळंतिणीसाठी कुणी काही भाजत असेल तर मला मनापासून आनंद होतो. हरकत आहे ती पाकिटावरच्या वचनाला. कारण बिस्किटं खाऊनही दूध वाढलं नाही की आधीच अर्धवट झोपेत जगणारी ती मुलगी दोष स्वतःलाच देते.

दूध येतं कसं, ते आधी पाहू. गरोदरपणातच स्तन दूध तयार करायला सज्ज झालेले असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्यांना रोखून धरतं. बाळाच्या जन्मानंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तोवर चढलेलंच असतं, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं. त्याआधी येतो तो चीक. तो थोडाच असतो, पण नवजात बाळाच्या पोटाला तेवढाच लागतो. पहिल्या दिवशी 'दूधच नाही' म्हणून वरचं दूध पाजण्याची घाई होते, ती इथेच. बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतालचे बारीक स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. वेदना, भीती, ताण यांनी पान्हा अडतो. दूध आत असतं, उतरत नाही.

सुरुवातीचे दिवस असे संप्रेरकांच्या जोरावर जातात. पुढे मात्र सूत्रं स्तनाच्या स्वतःच्या हातात येतात. स्तन भरलेला राहिला की दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामा झाला की वाढतो. याचा सगळ्यात चोख पुरावा कोणत्याही बाळंतिणीकडे मिळेल. बाळाला एकच बाजू आवडत असेल, तर त्या बाजूला दूध भरपूर येतं आणि दुसरी बाजू हळूहळू कमी होत जाते. दोन्ही स्तनांना रक्त एकच, संप्रेरकं तीच, लाडू आणि बिस्किटंही तीच. दूध खाण्यानं ठरत असतं, तर दोन्ही बाजूंना सारखंच आलं असतं.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथे पीटर हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात 71 आया आणि त्यांची एक ते सहा महिन्यांची बाळं होती. प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर बाळाचं वजन करून दूध मोजलं. दिवसाला सरासरी 788 ग्रॅम दूध निघालं. बाळं सरासरी अकरा वेळा प्यायली, पण कुणी सहा वेळा, तर कुणी अठरा वेळा, आणि सगळी नीट वाढत होती. स्तनात जेवढं दूध असे त्याच्या सरासरी दोन तृतीयांशच बाळ पीत असे. हे आकडे मला घरोघरी पोचवावेसे वाटतात, कारण 'दर तीन तासांनी वीस मिनिटं' असल्या नियमाला घाबरून कितीतरी आया आपलं दूध अपुरं आहे असं मानून बसतात.

मग बिस्किटं खाऊन दूध वाढलं असं इतक्या जणी का सांगतात? त्या खोटं बोलत नाहीत. पहिल्या महिनाभरात दूध तसंही वाढतच जातं. त्या काळात जे काही सुरू केलं, त्याला श्रेय मिळतं. दुसरं असं, की काळजीनं बिस्किटं सुरू करणारी आई त्याच काळजीनं जास्त वेळा पाजते, आणि दूध खरोखर वाढतं, पण पाजण्यामुळे. शिवाय बाळ मध्येच दोन-चार दिवस सतत पिऊ मागतं. बाळाला पुरत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं. त्या दिवसांत बाळ स्वतःच पुढच्या मागणीची सोय करून घेत असतं, आणि आठवडा संपायच्या आत सगळं सुरळीत होतं. नेमक्या त्याच आठवड्यात बिस्किटांचं पाकीट घरी आलेलं असतं.

या बिस्किटांतल्या घटकांचा इतिहास मात्र फार रंजक आहे. ओट्स आणि यीस्ट यांच्यामागे बीअर आहे. युरोपात बाळंतिणीला माल्ट बीअर, म्हणजे मोड आलेल्या बार्लीची बीअर, देण्याची जुनी चाल होती. 1988 साली फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की बार्लीतली एक पिष्टसदृश शर्करा प्रोलॅक्टिन वाढवू शकते. ओट्समध्येही बीटा-ग्लुकान ही तशीच शर्करा असते, म्हणून त्यांनाही तोच मान मिळाला. पण दूध एकदा सुरळीत झाल्यावर रक्तात प्रोलॅक्टिन किती आहे यावरून दूध किती येईल हे ठरत नाही. आणि बीअरमधल्या अल्कोहोलमुळे उलटंच घडतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी दाखवलं, की आईनं अल्कोहोल घेतल्यावर बाळं दूध कमी पितात.

मेनेला यांचाच 1991 सालचा आणखी एक प्रयोग लसणाच्या चटणीवर प्रेम करणाऱ्यांना आवडेल. आयांनी लसूण खाल्ल्यावर दुधाला त्याचा वास आला, आणि बाळं तोंड फिरवण्याऐवजी जास्त वेळ स्तनाला लागून राहिली. बाळ जास्त वेळ लागलं म्हणजे स्तन जास्त रिकामा होण्याची संधी. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी बाळंतिणीला देणाऱ्या आज्यांच्या अनुभवात असं काही असेल का, हा विचार मला मोहवतो. पण तो विचारच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

आयुर्वेदातही दूध वाढवणाऱ्या द्रव्यांचा वेगळा गट आहे. चरकसंहितेतल्या स्तन्यजनन गणात दहा मुळं सांगितली आहेत: वाळा, साळ, साठेसाळी, दर्भ, कुश, काश अशी बहुतेक सगळी गवताच्या कुळातली. आज सर्वांत जास्त विकली जाणारी शतावरी त्या दहांत नाही. 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये 1996 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरीचा उपयोग दिसला नाही, तर 2011 सालच्या एका चाचणीत प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं. मेथी, बडीशेप, खजूर, शेवगा या सगळ्यांची हीच गत आहे. 2020 साली कॉक्रेन संस्थेनं 41 चाचण्या आणि 3005 आया यांचा एकत्र आढावा घेतला. काही पदार्थांनी थोडा फायदा होत असेलही, पण पुरावा इतका कच्चा आहे की खात्रीनं काही म्हणता येत नाही, असा त्याचा सूर आहे. मेथीचा एखादा लाडू हा आहारच आहे. मेथीच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेणं वेगळं. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

दूध खरंच कमी आहे का, हे बाळच सांगतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, जन्मानंतर उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून आलं असेल आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळची रडारड, मऊ पडलेले स्तन, पंपात कमी निघालेलं दूध, यांवरून काहीच ठरत नाही. वजन वाढत नसेल, तर मात्र लाडू-बिस्किटांत एक दिवसही घालवू नये. कारण वेगळंच असू शकतं: बाळाची पकड चुकत असेल, जीभ खाली बांधलेली असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, बाळंतपणात रक्त फार गेलं असेल, थायरॉइड बिघडलं असेल, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या असतील. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे, पण कारण आधी कुणीतरी तपासायला हवं.

आईच्या खाण्याला महत्त्व नाही, असं यातून कुणी समजू नये. ते फार आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. आई बेताचं जेवत असली तरी शरीर स्वतःची पुंजी मोडून दूध देतच राहतं. हाडांतलं कॅल्शियमसुद्धा उसनं काढतं. म्हणजे आबाळ होते ती आधी आईची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने तिला रोज सुमारे 600 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. पाणी तहानेइतकं प्यावं. बळंच प्यायलेल्या पाण्यानं दूध वाढत नाही.

काही गोष्टी मात्र आईच्या ताटातून थेट दुधात उतरतात: आयोडीन, ब गटातली बहुतेक जीवनसत्त्वं, स्निग्धांशाचा प्रकार. यात आपल्याकडे सर्वांत जास्त काळजी करावी असं आहे ते बी-12. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं पुण्याजवळच्या गावांत झालेल्या अभ्यासात, गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-12 कमी आढळलं होतं. आईत नाही तर दुधातही नाही. टंचाई फार झाली तर अंगावर पिणारं बाळ मंदावतं, हसणं-बसणं विसरतं, त्याचे केस विरळ होतात, पुढे अंग थरथरू लागतं. अशा बाळांच्या आया बहुतेक शाकाहारी असतात. ओट्स, जवस, नाचणी, अळीव, डिंक, कशातही बी-12 नाही. साध्या ब्रूअर्स यीस्टमध्येही ते नसतं. दूध, दही, अंडी, मासे यांतून ते मिळतं, आणि आई पूर्ण शाकाहारी असेल तर रक्त तपासून गोळ्या घेणं उत्तम. दूध वाढवणाऱ्या बिस्किटांवर जेवढा खर्च होतो, त्याहून कमी पैशांत ही तपासणी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

एवढं कळल्यावर बिस्किटं भाजायला हरकत नाही. रात्री दोन वाजता मांडीवर बाळ असताना, एका हातानं खाता येईल असं काहीतरी पौष्टिक जवळ असणं, हीच त्यांची मोठी उपयुक्तता आहे.

मोडाच्या नाचणीचं पीठ एक वाटी घ्यावं. मोड आणल्यानं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह, कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. नाचणीत ग्लुटेन नसतं, नुसत्या नाचणीचं बिस्किट भुगा होतं, म्हणून अर्धी वाटी कणीक. एक वाटी ओट्स कोरडेच भाजून जाडसर दळावेत. पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्ध्या वाटीहून थोडं जास्त तूप, दोन-दोन चमचे तीळ आणि जवस, मूठभर बदाम. अंड्याचं काम अळीव करतो: चमचाभर अळीव थोड्या दुधात दोन तास भिजवला की बियांभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि ते पीठ धरून ठेवतं. सोडा जपून वापरावा, कारण जास्त सोड्यानं पीठ अल्कधर्मी होतं आणि बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा अर्धा चमचा बेकिंग पावडर बरी. सुंठ आणि वेलची चवीला.

चोवीस गोळे चपटे करून 165 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं भाजावेत. काढताना मऊ लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. घरी ओव्हन नसेल, तर दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जातो तसं हेही नेता येईल. एका बिस्किटात शंभर-सव्वाशे कॅलरी असतात. चार बिस्किटांतून दिवसाच्या गरजेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कॅल्शियम मिळतं, म्हणजे जेवणाची जागा ती घेऊ शकत नाहीत. चहाबरोबर मात्र खाऊ नयेत, चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. मोसंबी, आवळा किंवा लिंबाचं सरबत बरोबर असेल तर ते जास्त शोषलं जातं.

बिस्किटं भाजण्याच्या दिवशीच जवस कुटावा, कुटलेला लवकर खवट होतो. हवाबंद डब्यात बिस्किटं आठवडाभर चांगली राहतात. गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर गूळ निम्मा करावा आणि दिवसाला किती खायची ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं. आणि ती बाळंतिणीनं स्वतः भाजू नयेत. नवऱ्यानं, सासूनं, शेजारणीनं, कुणीही भाजावीत. तो तासभर तिनं झोपावं.