मानेतली गाठ आणि शेजारचा विषाणू

सोलापुरात मानेला गाठ आली की घरात पहिलं नाव निघतं टीबीचं. जुन्या बायका गंडमाळ म्हणतात. त्यात चूक काही नाही, आपल्याकडे मानेच्या गाठींमागे क्षय पुष्कळदा असतोच. पण पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या मावशीची गाठ सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊनही बसली नाही. ताप, रात्री उशी भिजेल इतका घाम, अंगभर पुरळ. विड्या वळता वळता हात थांबायचा आणि ती दंड खाजवत बसायची. शेवटी सुईच्या तपासणीवर न थांबता अख्खी गाठ काढली, तेव्हा निदान झालं: अँजिओइम्युनोब्लास्टिक टी पेशींचा लिम्फोमा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या टी नावाच्या पांढऱ्या पेशींचा, लसिकाग्रंथींतला कॅन्सर. रिपोर्टात खाली ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ असंही होतं. विषाणू म्हटल्यावर घरच्यांनी तिचं ताट-भांडं वेगळं केलं. ते मला फार लागलं, म्हणून हे लिहितोय.

या आजाराला आधी कॅन्सरच मानत नव्हते. 1974 मध्ये फ्रिझेरा, मोरान आणि रॅपपोर्ट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचं वर्णन केलं ते प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचं म्हणून. गाठीत झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नाना तऱ्हेच्या पेशींची गर्दी. त्यात कॅन्सरची पेशी नेमकी कोणती, हेच उमगत नव्हतं. 1979 मध्ये जपानच्या शिमोयामांनी हा टी पेशींचा लिम्फोमा असल्याचं मांडलं. पुढे जनुकांच्या तपासणीने त्याला दुजोरा दिला.

ईबीव्ही म्हणजे एपस्टाईन-बार विषाणू. तो 1964 मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमात सापडला होता. तो बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात लाळेवाटे कधीच येऊन बसलेला असतो, तुमच्या-माझ्याही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो मावशीच्या प्रकारच्या गाठींतही दिसला, पण बहुधा शेजारच्या बी पेशींमध्ये (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये), कॅन्सर झालेल्या टी पेशींमध्ये नव्हे. प्रतिकारशक्ती ढासळली की झोपलेला विषाणू डोकं वर काढतो. आजाराला त्याचा हातभार किती, यावर अजून वाद आहे. पण ताट वेगळं करण्याचं कारण त्यात मुळीच नाही.

विषाणू खरोखर मूळ कारण असतो तो दुसऱ्या एका आजारात. 1977 मध्ये क्योटोच्या ताकात्सुकी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांमधल्या एका टी पेशी ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) नोंद केली, तेव्हा बरेचसे रुग्ण क्युशू बेटावर जन्मलेले निघाले. रक्तात पाकळ्या फुटल्यासारख्या केंद्रकाच्या पेशी. त्यांना ‘फूल पेशी’च म्हणतात. 1980 मध्ये अमेरिकेत गॅलोंच्या प्रयोगशाळेने एचटीएलव्ही-1 शोधला, माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस (आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू). पाठोपाठ जपानमध्ये हिनुमांनी त्याचा या ल्युकेमियाशी संबंध दाखवला. आईच्या दुधातून, रक्तातून आणि शरीरसंबंधातून तो पसरतो. तरी बाधितांपैकी शंभरात जेमतेम चार-पाच जणांनाच हा कॅन्सर होतो, तोही कित्येक दशकांनी.

2022 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आणखी एक वेगळं नाव आलं: लसिकाग्रंथीतला ईबीव्ही पॉझिटिव्ह टी आणि एनके (नैसर्गिक मारक) पेशींचा लिम्फोमा. यात विषाणू कॅन्सरच्या पेशीतच असतो आणि आजार फार आक्रमक असतो. म्हणून ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ एवढं वाचून भागत नाही. तपासणीत विषाणू दाखवणारा रंग कोणत्या पेशीच्या केंद्रकात उतरला, ते विचारावं लागतं. त्यासाठी गाठीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, हवा. मावशीचा ब्लॉक मी डबीत कापसात गुंडाळून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला नेला होता. रंग बी पेशींमध्येच होता.