सोप सेवांतील बिघाडांचा शोध: पार्श्वभूमी

वेब सेवा आणि तिचा क्लायंट (तिला विनंती पाठवणारा प्रोग्राम) यांचे जुळेनासे झाले की आधी प्रत्यक्ष गेलेला संदेश उघडून पाहावा, ही रीत खऱ्या अर्थाने अंगवळणी पडली ती सोपच्या, म्हणजे एक्सएमएल या खुणांच्या मजकुरातून दोन प्रोग्राममध्ये संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या, काळात. १९९८ मध्ये सोपचे पूर्वज एक्सएमएल-आरपीसी आले, मे २००० मध्ये सोप १.१ वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेकडे सादर झाले आणि २००१ मध्ये सेवेचे वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएल या भाषेची १.१ आवृत्ती आली. या वर्णनावरून जावा आणि डॉटनेटची साधने क्लायंटचा कोड आपोआप तयार करून देऊ लागली. सोय मोठी होती. परंतु प्रोग्रामरला फक्त मेथड (कोडमधून हाक मारायचे कार्य) दिसे, तिच्यामागचा एक्सएमएल दिसत नसे, आणि म्हणून दोन्ही बाजू आपापला कोड तपासून ‘आमच्याकडे सगळे बरोबर आहे’ असे प्रामाणिकपणे सांगत असताना चूक मात्र मधल्या मध्ये राहून जाई.

त्यातली सर्वांत चकवणारी गोष्ट मला ५०० या, सर्व्हरकडे चूक झाल्याचे सांगणाऱ्या, एचटीटीपी स्टेटस कोडची वाटते. सोप १.१ च्या नियमानुसार संदेशावर प्रक्रिया करताना दोष आढळला तर सर्व्हरने ५०० हाच कोड द्यायचा आणि कारण उत्तरातल्या फॉल्ट नावाच्या भागात लिहायचे. जावाच्या एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन या विनंती पाठवणाऱ्या क्लासमध्ये मात्र असे उत्तर नेहमीच्या इनपुट स्ट्रीममधून (उत्तर वाचण्याच्या मार्गातून) वाचायला गेले की एक्सेप्शन, म्हणजे कोड अडवणारी त्रुटी, येते. एरर स्ट्रीम वेगळी मागावी लागते. ती न मागणाऱ्याच्या लॉगमध्ये नुसते ‘५००’ उरे, आणि सर्व्हरने नीट लिहून पाठवलेले कारण कोणीच वाचत नसे.

म्हणूनच अपाची अ‍ॅक्सिस या जावाच्या सोप साधनसंचासोबत मिळणारे टीसीपीमॉन हे मधले संदेश दाखवणारे साधन इतके उपयोगी ठरले. सेवा ८०८० पोर्टवर असेल तर टीसीपीमॉन ८०८१ वर बसवायचे, क्लायंटला तो पत्ता द्यायचा, की जाणारी विनंती आणि येणारे उत्तर दोन्ही जसेच्या तसे समोर दिसत. सोपअ‍ॅक्शन या, विनंतीचा हेतू सांगणाऱ्या, हेडरच्या मूल्याला अवतरणचिन्हे नाहीत, किंवा सोप १.२ च्या सेवेकडे जुन्या आवृत्तीच्या नेमस्पेसचे (ओळखनावाचे) एन्व्हलप, म्हणजे संदेशाचे बाहेरचे आवरण, गेले आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसे.

२००२ मध्ये स्थापन झालेल्या डब्ल्यूएस-आय या, वेगवेगळ्यांच्या वेब सेवा परस्परांशी जुळाव्यात यासाठीच्या, संघटनेने बेसिक प्रोफाइल या आपल्या नियमावलीत ती अवतरणचिन्हे सक्तीची केली आणि सोपचे स्वतःचे एन्कोडिंग (डेटा लिहिण्याची पद्धत) वर्ज्य ठरवले. पुढे मजकूर सांकेतिक करून पाठवणारे एचटीटीपीएस सर्रास झाल्यावर टीसीपीमॉनसारखा साधा मध्यस्थ पुरेना; फिडलरसारख्या साधनाला संगणकावर स्वतःचे रूट सर्टिफिकेट (विश्वासाचा दाखला) बसवून मजकूर उलगडावा लागतो. आता एकच विनंती अनेक सेवांमधून फिरते, त्यामुळे फेब्रुवारी २०२० मध्ये डब्ल्यू३सीने शिफारस केलेल्या ट्रेसपेरेंट (विनंतीची ओळख वाहणाऱ्या) हेडरमधील ३२ अंकी षोडशमान क्रमांक प्रत्येक सेवेच्या लॉगमध्ये शोधून तिचा माग काढता येतो.