धाब्यावरचा पतंग, बर्फावरची झेप

संक्रांतीला आमच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, उडवलेला पतंग शेजारच्या दुमजली घराच्या आडोशाला गेला, की हमखास गोता खायचा. "वारा पडना," म्हणून आम्ही मोकळे. वारा पडलेला नसायचाच. घराला अडखळून तो पलीकडे भोवऱ्यासारखा उलटा फिरायचा.

पतंगाच्या ओढीने बर्फावर घसरणारे स्नोकायटिंगवाले याच भोवऱ्याला घाबरतात. फ्रान्समधली २०५८ मीटर उंचीवरची कोल दु लोतारे खिंड किंवा नॉर्वेचं हार्डांगरविड्डा पठार इथे हा खेळ रंगतो. पायात स्की, कमरेला पट्टा, लांब दोऱ्यांच्या टोकाला मोठा कापडी पतंग. डोंगरउतारावरून तरंगत खाली येणं ही त्यातली खरी मजा.

उतारावर समोरून वारा आदळला की त्याला वर चढण्यावाचून वाट नसते. माणूस खाली येतच असतो, पण भोवतालची हवा वर निघालेली आणि पायाखालची जमीनही उतरत चाललेली, म्हणून झेप लांबते. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या पठारावर, कड्याशी घार पंख न हलवता लटकते ती याच हवेवर.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात दर चौरस मीटरवर सुमारे १५ न्यूटन, १० मीटरला ६१. म्हणजे दहा चौरस मीटरच्या पतंगाला ढोबळमानाने साठ किलोची ओढ. तो झपकन आडवा फिरवला, तर ओढ आणखी कितीतरी वाढते. माणूस उचलला जातो तो त्यामुळेच. शिवाय माथ्यावर वारा दाटून वेग घेतो. पायथ्याला बरा वाटलेला पतंग माथ्यावर डोईजड होतो, म्हणून लहानच न्यावा.

हवेत पतंग डोक्यावर ठेवायचा. घाबरून बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला हातातला दांडा, ओढण्याचा मोह होतो, आणि नवखे तिथेच फसतात. जास्त खेचलं की कापडावरून हवा सुटते, पतंग मागे कोसळतो. जरा ढील बरी. टेकण्याआधी पतंग किंचित पुढे झुकवला, तर स्की घसरत उतरतात, गुडघ्यांना धक्का बसत नाही. वारा माथ्याच्या मागून येत असेल, तर त्या उतारावर उडी नाहीच. आमच्या शेजाऱ्याच्या घरामागे व्हायचं तेच तिथे होणार, फक्त दोरीला माणूस बांधलेला.

पट्ट्यावर पतंगाचा जोर तोडणारी सुटकेची कळ असते. हाताला सराव व्हावा म्हणून ती जमिनीवर, डोळे मिटून चाचपायची. दहा मीटर उंचीवर मात्र तिला हात लावायचा नाही.