निळ्या अंड्याची कोंबडी आणि तिच्या नावाचा घोळ

कोल्हापूरजवळच्या पाचगाव, कळंबा, उचगाव या पट्ट्यात घरामागच्या परड्यात दहा-पंधरा कोंबड्या पाळणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या अंड्यांच्या टोपलीत हल्ली एखादं फिकट निळं किंवा शेवाळी अंडं दिसू लागलं आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "ही अरुकाना हाय." तीन-चार ठिकाणी अशा कोंबड्या पाहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळंच पाखरू निघालं. एकीला दाढी होती, दुसरीला नव्हती. एकीचे पाय पाटीच्या रंगाचे, दुसरीचे हिरवट. सारखं होतं ते फक्त नाव आणि अंड्याचा रंग. असं का, हे कळायला नावाचा इतिहास पाहावा लागतो. तो बराच भांडणाचा आहे.

आधी आपल्याकडची बाजू. आजीच्या डालग्याखालचं गावठी अंडं लहान आणि फिकट बदामी असायचं. गडद तपकिरी अंडं नंतर आलं. ऱ्होड आयलंड रेडसारख्या (आरआयआर) परदेशी जाती मिशनऱ्यांनी आणि पुढे सरकारी योजनांनी गावोगावी नेल्या, आणि कोल्हापुरातल्या सरकारी उबवणी केंद्रातूनही वर्षानुवर्षं आरआयआर, गिरिराज, वनराज अशी पिल्लं वाटली गेली. त्यातून बाजारात एक समीकरण बसलं: पांढरं अंडं पोल्ट्रीचं, तपकिरी अंडं गावठी. भावातला फरक पाहून पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून विकण्यापर्यंत मजल गेली. टरफलाचा रंग म्हणजे कोंबडीची जात, ही समजूत इथे आधीच मुरलेली होती. निळं अंडं येऊन पडलं ते याच समजुतीवर.

निळ्या अंड्याची कोंबडी मूळची चिलीच्या दक्षिणेकडची, मापुचे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या दारातली. त्या भागाला अरौकानिया म्हणतात, त्यावरून अरौकाना. आपल्या तोंडी त्याचं अरुकाना झालं. १९१४ मध्ये स्पेनमधल्या एका कुक्कुटतज्ज्ञाने ती चिलीत पाहिली आणि १९२१ मध्ये हेग इथल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही कोंबडीची वेगळी प्रजातीच आहे असं मांडलं. प्रत्यक्षात त्याने पाहिलेले पक्षी चिलीतल्याच एका हौशी पाळकाने दोन प्रकार एकत्र करून तयार केलेले होते. एक प्रकार बांडा, म्हणजे शेपूट नसलेला, आणि निळी अंडी देणारा. दुसऱ्याच्या कानांजवळ पिसांचे झुपके. तीन वर्षांनी बार्सेलोनाच्या परिषदेत त्या तज्ज्ञाने आपलं म्हणणं सुधारून घेतलं, पण तोवर बातमी पसरली होती. १९२७ मध्ये एका मोठ्या अमेरिकी मासिकात या कोंबड्यांचं रंगीत चित्र आलं आणि निळ्या अंड्यासाठी लोकांची रांग लागली. मागणी मोठी आणि पक्षी मूठभर, त्यामुळे आलेल्या पक्ष्यांचा दिसेल त्या कोंबडीशी संकर झाला. पुढची चाळीस-पन्नास वर्षं कुणी दाढीवाली वाढवली, कुणी बांडी, कुणी शेपटीची झुपकेदार. विकताना सगळ्या अरौकानाच.

खरी गाठ पडली ती १९७६ मध्ये. कोणती जात कशी दिसावी याचं प्रमाण ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्या वर्षी अरौकाना अधिकृत केली, पण फक्त एकाच रूपात: शेपूट नको आणि कानाशी झुपके हवेत. दाढी-कल्ले असलेले, शेपटीचे, तितकीच निळी अंडी देणारे पक्षी एका फटक्यात बेनाव झाले. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून सुधारले होते, त्यांच्या पक्ष्यांना प्रदर्शनात उभं राहायला जागा उरली नाही.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की चिलीहून आलेलं रूप हेच होतं, मग प्रमाण तेच धरायला हवं. मला हे पटत नाही. ते रूप मुळातच एका माणसाने दोन प्रकार जुळवून घडवलेलं. शिवाय पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्यात मोठी अडचण आहे. झुपक्यांच्या जनुकाची एक प्रत असेल तर झुपका येतो. दोन्ही प्रती तशा असतील तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे झुपकेदार नर आणि झुपकेदार मादी यांच्या उबवणीत साधारण चौथा हिस्सा पिल्लं बाहेरच येत नाहीत, आणि ही जात झुपक्यांच्या बाबतीत कधीच पूर्ण शुद्ध होऊ शकत नाही. बांडेपणामुळे अंडी फळण्यातही अडथळा येतो. एकवीस दिवस खुडूक कोंबडी बसवून, तिला दाणापाणी वेळेवर घालून, शेवटी कवचात मेलेली पिल्लं काढायची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याने हे प्रमाण कधी लिहिलं नसतं. ब्रिटनमध्ये तर त्याच अरौकाना नावाखाली शेपटीची, दाढीची कोंबडी मान्य आहे. नाव एक आणि दोन देशांत दोन पक्षी.

बेनाव झालेल्या दाढीवाल्यांच्या पाळकांनी मंडळ काढलं, अमेरिका आणि अरौकाना जोडून 'अमेरौकाना' हे नाव बनवलं आणि १९८४ मध्ये त्याला मान्यता मिळवली. हिच्यासाठी नियम कडक: दाढी आणि कल्ले हवेत, शेपूट हवी, पाय पाटीच्या रंगाचे, अंडं निळं, पिसांचे रंग ठरलेले. इथे प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण मोठ्या हॅचऱ्यांनी आपली मिश्र पिल्लं आधी अरौकाना, मग 'अमेरिकाना' अशा मिळत्याजुळत्या नावाने विकणं चालूच ठेवलं. या मिश्र कोंबड्यांना खरं नाव आहे ते ईस्टर एगर, म्हणजे ईस्टरच्या रंगीत अंड्यांसारखी अंडी देणाऱ्या. ती जात नव्हे, निळ्या अंड्याचा गुण कुठून तरी आलेली कोणतीही कोंबडी. आपल्या परड्यांत मी पाहिलेल्या अरुकाना एकूण एक याच वर्गातल्या होत्या. त्यात वाईट काही नाही. ईस्टर एगर काटक असते आणि आठवड्याला चार अंडी सहज देते. फक्त तिला तिच्या नावाने विकावं.

रंगाचं कोडं २०१३ मध्ये सुटलं. दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की फार पूर्वी एक विषाणू कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात येऊन बसला. त्यामुळे शेजारचं जनुक अंडं घडण्याच्या जागी जोमाने काम करू लागलं आणि पित्तातलं बिलिव्हर्डिन हे हिरवट-निळं द्रव्य टरफलात उतरायला लागलं. चीनमध्येही निळी अंडी देणाऱ्या जुन्या जाती आहेत. तिथे हाच विषाणू जवळच, पण वेगळ्या जागी शिरलेला आढळला. निळा रंग टरफलाच्या आरपार असतो, आतून पाहिलं तरी निळाच. तपकिरी मात्र शेवटी वरून चढलेला थर. निळ्यावर तपकिरी चढला की अंडं हिरवं दिसतं, म्हणून आरआयआर रक्ताच्या कोंबडीशी संकर झाला की शेवाळी अंडी येतात. पोषणात आणि चवीत काही फरक पडत नाही. 'निळं अंडं साखरेच्या रोग्याला चांगलं' म्हणून दुप्पट पैसे मागणाऱ्यांना हे तोंडावर सांगायला हवं.

कारण या भागाने एकदा किंमत मोजली आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमाराला काळं मांस आणि औषधी गुण यांच्या जाहिराती जोरात होत्या, काळ्या अंड्याचे फोटोही फिरत होते. कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या एका कंपनीने पिल्लं देऊन अंडी परत विकत घेण्याचा करार मोडला आणि सांगली-कोल्हापूरचे कितीतरी शेतकरी बुडाले. त्याच वर्षी ऑगस्टच्या महापुरात नदीकाठची खुराडी गेली ती वेगळीच. आज एखाद्या तरुणाने अरुकाना म्हणून हजारो रुपयांची जोडी घेताना पाहिली की मला तेच वर्ष आठवतं.

मग पारख कशी करायची? मादीचं सोपं आहे, अंडं दिसतं. नर घेताना लोक तुरा बघतात. निळ्या अंड्याचं जनुक आणि तीन ओळींचा बसका, वाटाण्याच्या दाण्यांसारखा तुरा देणारं जनुक गुणसूत्रावर जवळजवळ आहेत, त्यामुळे अरौकानाच्या वंशात बहुधा दोन्ही बरोबर उतरतात. अमेरिकेत ही खूण बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे नाही, कारण असील या झुंजीच्या जातीचा तुराही नेमका तसाच असतो आणि असीलचं रक्त इथल्या गावठी कळपांत पुष्कळ मिसळलेलं आहे. बसका तुरा बघून घेतलेला नर नुसता असील-गावठी निघू शकतो. हिरवट पायांचंही तसंच. पाटीच्या रंगाच्या पायाला पिवळ्या कातडीची जोड मिळाली की पाय हिरवट दिसतात, आणि ती पिवळी कातडी कोंबडीत आली ती राखी रानकोंबड्याकडून, जो दाजीपूरच्या जंगलात आजही पहाटे ओरडतो. हिरवट पाय पाहून नर अमेरौकाना नाही एवढं सांगता येतं, निळ्या अंड्याबद्दल काहीच नाही.

खात्रीचा मार्ग एकच. नर पांढरी किंवा बदामी अंडी देणाऱ्या साध्या कोंबड्यांवर सोडायचा, त्याच्या आठ-दहा तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देऊन, पावसाळ्यात खुराड्यातला भुसा कोरडा ठेवून वाढवायच्या, आणि सहाव्या महिन्याच्या आसपास पहिली अंडी बघायची. सगळ्यांची निळी-हिरवी आली तर नरात जनुकाच्या दोन प्रती असणार, निम्म्यांची आली तर एक. एकीचंही आलं नाही, तर विकणाऱ्याने अरुकाना सांगून जे दिलं त्यात निळं काही नव्हतं.